खुर्च्यांची जीप

"स्टेरिंग असं न्हाई धरत, बाय. हात हितं ठेव."

स्टेरिंग म्हणजे आमच्या क्लिनिकमधली प्लास्टिकची थाळी. वडिलांनी तिसऱ्यांदा हात सरळ केला, तशी परीने थाळी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मी लोणावळ्यात स्पीच थेरपिस्ट आहे. बोलायला उशीर होणारी मुलं माझ्याकडे येतात. सोमवारी गर्दी जास्त, कारण शनिवार-रविवार इथली निम्मी घरं पर्यटकांमागे असतात. परीचे वडीलही. कार्ल्याच्या फाट्यावरून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत ते जीप चालवायचे. तीन वर्षांच्या परीला ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. बोलत मात्र नव्हती.

"भाऊ, शिकवू नका. ती करेल तसं होऊ द्या." याला आम्ही लीड फॉलो करणं म्हणतो. खेळ मुलाचा, आपण पाहुणे.

"गाडी उलटी चालवली तरी?"

"तरी."

"असल्या ड्रायव्हरच्या गाडीत मी बसत न्हाई, मॅडम."

"बसा की," परीची आई म्हणाली. "रोज लोकांना कोंबताय. आज तुमी बसून बघा."

खुर्च्या मांडल्या. भाऊ मागे अंग चोरून बसले. परीने थाळी गरागरा फिरवली.

"अवं ड्रायव्हर, हळू! वडापाव वर येतोय माझा!"

परी खदखदून हसली. मग तिने ब्रेक मारला आणि मागे वळून पाहिलं. भाऊ काही बोलणार होते. मी हातानेच थांबा म्हटलं.

"उतर!" परी म्हणाली.

भाऊ मुकाट उतरले. डोळे पुसत आईला म्हणाले, "बघितलंस? मला गाडीतनं उतरवलं हिनं!"

पुढे घरी, अंगणात उभ्या असलेल्या जीपमध्ये, रोज संध्याकाळी हाच खेळ. जीप धुवायला आता तासभर लागतो, पाव्हण्याला सारखं उतरवतात, असं आई सांगायची. परीचे शब्द वाढले. "बस." "पुडं सरक."

एका सोमवारी भाऊ पेढे घेऊन आले. जीप विकली होती. चाकणच्या एका कंपनीची बस चालवायची नोकरी मिळाली होती.

"पक्कं काम हाय. आता बोलतीय, तर इंग्लिश मीडियमला घालतो. तुमच्यावानी झाली पायजे."

मी तशाच शाळेतली. अजून एखादं वर्ष जीपचा खेळ चालायला हवा होता, असं म्हणावंसं वाटलं. पण भाडं न मिळालेल्या दिवशी घर कसं चालतं, ते मला ठाऊक नव्हतं. मी "छान" म्हटलं आणि पेढा घेतला.

त्यानंतर परी आईबरोबरच यायची. भाऊ ती उठायच्या आधी निघत आणि ती झोपल्यावर परतत. रविवारी सुट्टी असली तरी ते दिवसभर झोपून असत.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, काल मीच खुर्च्या मांडल्या. परी बसली, थाळी घेतली. मी मागं चढाया गेलो, तर म्हनली, गाडी फुल हाय."

"मग?"

"खुर्च्या सगळ्या रिकाम्या हुत्या, मॅडम."

"रस्त्याच्या कडेला उभे राहा. हात दाखवत राहा. ती थांबवेल."

"उभाच हुतो. मग जरा भितीला टेकलो, तर माझा डोळा लागला."

दुसऱ्या दिवशी मी हे क्लिनिक चालवणाऱ्या आमच्या सरांना सांगितलं.

"गाडी फुल आहे! तीन शब्दांचं वाक्य!" ते खूश झाले. "गोल अचीव्ह झाला की. फाईल क्लोज कर."

मी केली. मूल बोलायला लागलं, की आमचं काम संपतं. ते काय बोलतं, हे आमच्या कामात येत नाही.