मावशीचा मोतीबिंदू

मला माझ्या मावशीच्या मोतीबिंदूचा हेवा वाटतो. घरात हे कुणाला माहीत नाही.

आई नाशिकला, आमच्या फ्लॅटमध्ये; तिची धाकटी बहीण दिंडोरीजवळच्या गावात, द्राक्षबागेत. दोघींना साधारण एकाच सुमारास अंधुक दिसायला लागलं. दोघींनी फोनवरच निदान करून टाकलं: मोतीबिंदू. त्यांच्या माहेरी तो सगळ्यांनाच झाला होता. आणि तो पुरता पिकल्याशिवाय काढायचा नसतो, हेही दोघींना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे दोघी तो पिकण्याची वाट पाहत राहिल्या.

मग मावशीच्या गावात डोळ्यांचं शिबिर आलं. तपासलं, गाडीत बसवून नेलं, ऑपरेशन करून परत आणून सोडलं. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर डोळ्यांची तीन हॉस्पिटलं आहेत. आई मात्र चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तेवढा बदलून आणायची. "माझा कच्चाच आहे अजून," म्हणायची.

ती उजवीकडच्या चौकटीला धडकायची, चहा कपाच्या बाजूला ओतायची. मी पाहत होते. बोलले नाही. मी घरात फारसं बोलतच नाही.

ऑपरेशननंतर मावशी आमच्याकडे राहायला आली. काळा चष्मा उतरवून स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "ताई, ओट्याच्या कडंला लय चिकट झालंय बघ. दिसत नाय का तुला?"

आई हसली. मला हसू आलं नाही. मावशी दिवसभर दिसेल ते मोठ्याने सांगत होती: समोरच्या गच्चीवरची साडी, बसची पाटी, माझ्या गालावरचा फोड. "एवढी इंग्रजी शाळंत घातली, पण तोंड उघडंल तर शपथ," असंही वर. त्या रागातच मी आईची अपॉइंटमेंट घेतली. आईलाही तसंच लख्ख दिसायला हवं होतं. खरं तर मावशीपेक्षा थोडं जास्त.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढून कडेची नजर हळूहळू गेली होती. उजव्या डोळ्यात फारसं काही उरलं नव्हतं. "गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले. "डावा वाचवायचा आहे. जरा आधी आला असतात तर..."

डाव्या डोळ्यात किती उरलंय ते पाहायला एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत यंत्रात बघायचं, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी आणि मावशी दाराबाहेर बसलो. आतून टकटक टकटक ऐकू येत होतं, न थांबता. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

"बघ, समदं दिसतंय तिला," मावशी म्हणाली.

एवढ्यात आत तपासणी करणारी मुलगी म्हणाली, "काकू, ठिपका नसतानाही दाबताय तुम्ही. परत करावं लागेल."

मी आत गेले. आई माझा हात चाचपत पुटपुटली, "तू बाहेर बसली होतीस. म्हटलं, जरा जास्त दाबावं."

"आई, दिसेल तेवढंच दाब," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

मी परत बाहेर येऊन बसले. दुसऱ्या वेळी टकटक मधेमधे बराच वेळ थांबत होती. मावशीने माझा हात धरला. तिच्या नीट झालेल्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याचाही राग आला.

डाव्या डोळ्याची मधली नजर शाबूत निघाली. ती टिकवायला थेंब घालायचे, रोज, कायमचे. घरी आल्यावर मावशीने बाटली उजेडात धरली, वरची बारीक अक्षरं सहज वाचली आणि म्हणाली, "ये ताई, मी घालते."

"नको," मी म्हणाले आणि तिच्या हातातून बाटली घेतली. "मी घालणार."