गणपुल्यांच्या आड काय काय आलं

विलेपार्ल्याच्या विद्याधर गणपुल्यांना एक विद्या मात्र उत्तम साधली होती, नापास होण्याची. नापास सगळेच होतात, पण गणपुले अशा थाटात होत की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. हेडक्लार्क व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हायला हवी, आणि परीक्षेला बसायची मुभा फक्त पाचदा. पाचव्यांदाही घसरलात की पेन्शनीपर्यंत तेच टेबल, तीच खुर्ची, आणि डोक्यावर कालपरवा मिसरूड फुटलेला साहेब. १९५५ साल उजाडेपर्यंत गणपुल्यांनी चार संधी सत्कारणी लावल्या होत्या.

पहिल्या वेळी आड आली शेजारची मृणालिनी. ती बाजाची पेटी शिकत होती आणि तिचा भूप काही केल्या संपत नव्हता. दुसऱ्या वेळी सांताक्रूझची विमानं. सातवं कलम उघडलं की नेमकं डोक्यावरून विमान, आणि पेपरात आलं तेही सातवंच कलम! तिसऱ्या वेळी बिस्किटांच्या कारखान्याचा वास. तो सुटला की भूक लागायची, भूक लागली की खाणं व्हायचं, खाणं झालं की झोप यायची. यात माणसाचा काय दोष, तुम्हीच सांगा. चौथ्या वेळी त्यांच्या लेकराला, माणिकला, गोवर निघाला. तो परीक्षा होऊन तिसऱ्या दिवशी निघाला ही गोष्ट खरी, पण बापाच्या काळजाला आधीच चाहूल लागली होती.

दर वेळी निकाल लागला की त्यांची बायको पद्मजा ताट वाढता वाढता म्हणायची, "तुम्ही तरी काय करणार!" आणि मग गुपचूप कामाला लागायची. मृणालिनीच्या आईशी बोलून तिने पेटीची वेळ बदलून घेतली, खिडक्यांच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. विमानं तेवढी तिला आवरता आली नाहीत.

पाचव्या खेपेला कचेरीतला श्यामसुंदर कोठारे मदतीला धावला. "गणपुले, मढला माझ्या काकांचा बंगला आहे. रिकामा पडलाय. रजा टाक आणि पंधरा दिवस जाऊन राहा. पेटी नाय, विमान नाय, बायकापोरं नाय. झकास अभ्यास होईल, यार!"

हे ऐकून गणपुल्यांचा चेहरा पडला. पण पद्मजाने त्याच संध्याकाळी पिशवी भरली. स्टोव्ह, पोहे, मेतकूट आणि खात्याची पाचही पुस्तकं. पंचांग तेवढं त्यांनी आपल्या हाताने ठेवलं.

मढला अभ्यासाच्या सोयीची अगदी कमाल होती. पहिला दिवस टेबल समुद्राकडे तोंड करून लावण्यात गेला, दुसरा ते उलटं फिरवण्यात. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते. त्यांच्या वासावर गणपुल्यांची मोठी भिस्त होती, पण तिसऱ्या दिवशी नाकाने दगा दिला आणि वास येईनासाच झाला. विसाव्या पानावर एक माशी येऊन बसली, तर ती आपण होऊन उठेपर्यंत पान उलटायचं त्यांच्या जिवावर आलं. माणूस मुळात दयाळू.

बंगल्याची राखण सोनूबाई कोळीण करायची. पन्नाशी उलटलेली, बोलायला फटकळ. गणपुल्यांचं पाणी भरून झालं की मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती खाडीपलीकडे वेसाव्याला जायची, रोज न चुकता. ती काय विकते, कोणाला विकते, होडी किती वेळात पोचते, हे सगळं गणपुल्यांनी दहा दिवसांत बारकाईने जाणून घेतलं. खात्याने कोळी समाजावर पेपर काढला असता तर ते पहिले आले असते.

तेराव्या दिवशी मात्र त्यांना भीती वाटली. अगदी खरी भीती. घर शांत होतं, दिवस मोकळा होता, काहीसुद्धा आड आलं नव्हतं, आणि पुस्तक एकेचाळिसाव्या पानावर होतं. परीक्षेत लिहायचं काय, याची चिंता त्यांना नव्हतीच. नंतर सांगायचं काय, हा प्रश्न होता.

परीक्षा बुधवारी दुपारी बारा वाजता. आदल्या संध्याकाळी सोनूबाईने बोटं मोजली आणि म्हणाली, "मास्तर, उद्या पंचमी हाय. सातला निघ. मग ओहोटी, खाडीत पानी नाय."

गणपुल्यांनी पंचांग उघडलं. सकाळी सातच्या सुमाराला शुभ वेळांपैकी लाभ होता. लाभ काही वाईट नव्हे, पण आठ छत्तीसला अमृत लागत होतं. "इतक्या महत्त्वाच्या कामाला अमृतावरच निघायला हवं," ते म्हणाले. ज्या पानावर अमृत छापलं होतं, त्याच पानावर पंचमीही छापली होती. अक्षरओळख नसलेल्या बाईला ती दिसली, आणि जन्मभर पंचांग वाचणाऱ्या गणपुल्यांना नाही.

बुधवारी ठरल्या मिनिटाला उजवं पाऊल पुढे टाकून ते निघाले. नऊला धक्क्यावर पोचले, तर खाडी सुकलेली. मधोमध पाण्याचा एक पट्टा उरला होता, त्यात होडी उभी होती, आणि तिथपर्यंत नुसता काळा चिखल. गणपुल्यांची विजार कडक इस्त्रीची, बूट आरशासारखे.

ते थांबले. आणि मनात वाक्य तयारच झालं. अहो, समुद्रच आटला, माणसाने करायचं काय! चारचौघांत ते कसं म्हणायचं, कुठे सुस्कारा टाकायचा, हेही ठरलं. पेटी, विमान, गोवर, सगळं याच्यापुढे किरकोळ होतं. या खेपेला प्रत्यक्ष समुद्र आडवा आला होता.

मागून सोनूबाई पाटी घेऊन आली. त्यांच्या तोंडाकडे बघून थबकली.

"मास्तर, हसतंस कशाला?"

गणपुल्यांनी ओठांना हात लावला. ते खरंच हसत होते. शेवटची परीक्षा हातची चालली होती, आणि त्यांना आनंद झाला होता! चारही वेळा तो असाच झाला होता, हेही त्यांना तिथे, त्या धक्क्यावर उभ्या उभ्या कळलं. त्यांना स्वतःची शरम वाटली, इतकी की कान तापले.

"पाय कुठे टाकू?" त्यांनी विचारलं.

"मी टाकते तिथं. नि बूट काढ."

बूट हातात धरून, विजार वर दुमडून, पंचांगवाले गणपुले चिखलात उतरले. दोनदा गुडघ्यांपर्यंत रुतले, एकदा सपशेल बसले. सोनूबाईने दंडाला धरून उठवलं तेव्हा तिच्या डोक्यावरची पाटी जराही हलली नाही. होडी, बस, गाडी करत ते बाराला दहा कमी असताना परीक्षेच्या दालनात शिरले. वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे गळत होते, आणि शेजारचा उमेदवार बाक सरकवून लांब बसला. एकेचाळीस पानांत जे होतं ते सगळं गणपुल्यांनी लिहिलं. उरलेला कागद कोरा ठेवला.

मार्चमध्ये निकाल लागला. एकोणीस गुणांनी गेले.

कचेरीत सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमले. चिखलाची गोष्ट एव्हाना षट्कर्णी झाली होती. "गणपुले, समुद्राने वाट लावली ना तुझी!" कोठारे कळवळून म्हणाला. गणपुल्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि फाइल ओढली. इतकं तयार कारण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाया घालवलं.

घरी पद्मजाने ताट वाढलं. तोंडावरूनच तिला निकाल कळला होता.

"तुम्ही तरी काय करणार!" ती म्हणाली.

"अभ्यास," गणपुले म्हणाले. "पाच वेळा करता आला असता. मी एकदाही केला नाही. दुसरं काहीच झालं नव्हतं, पद्मजा."

पद्मजाच्या हातातला पळा थांबला. ती खाली बसली.

"मला पहिल्या वेळेपासून माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळतंय, तेवढंच बघत होते."