सुकदेवच्या नावाने माझ्या सह्या

मला फारसं लिहिता येत नाही. पण रत्नाबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही.

रत्ना म्हणजे माझ्या पुतण्याची, सुकदेवची बायको. आम्ही असोद्याचे. ती कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजते, लाकडी बडगीत ठेचते आणि भरिताच्या ऑर्डरी घेते. जळगावहून गिऱ्हाईक येतं. ती कमवायला लागली तसं सुकदेवचं मारणं वाढलं. आमची भिंत एकच. मला सगळं ऐकू यायचं, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

एका संस्थेने बायकांना धंद्यासाठी मोठ्या शेगड्या द्यायचं ठरवलं. अट अशी, की नवऱ्याने आठ बैठकांना बसायचं. बायकोवर हात उचलू नये, घरकाम वाटून घ्यावं, हे तिथे शिकवायचे. आमच्या मर्दांनी काय केलं? पंगतीला घरटी एक माणूस पाठवतात, तसे रिकामे म्हातारे पाठवले.

"आबा, तुमी बसा तिथी. माह्या नावानं सही ठोका. चहा भेटते," सुकदेव म्हणाला.

मी सात वेळा बसलो. शिकवणाऱ्या रूपालीताईही काही बोलल्या नाहीत. त्यांनाही रजिस्टर भरलेलंच हवं होतं.

आठव्या बैठकीला बायकाही होत्या. रत्नाचं मनगट सुजून काळंनिळं पडलं होतं. परक्या गिऱ्हाइकाशी हसून बोलली म्हणून सुकदेवने पिरगळलं होतं.

"सुकदेवभाऊंच्या घरी काय बदल झाला?" रूपालीताईंनी विचारलं.

मी उठून उभा राहिलो. "सुकदेव एकदाही आला नाही. सह्या माझ्या आहेत. तिचं मनगट बघा."

"मग रत्नाताईंचं नाव कापावं लागेल, आबा."

मी मटकन खाली बसलो. तिचं वाटोळं मीच केलं होतं. पण रत्ना उठली.

"मार बी मीच खायचा, अन् तो शिकला नाही तर दंड बी मालेच? इचारा या म्हाताऱ्यायले, कोणाचा पोरगा आला इथी?"

एकही म्हातारा मान वर करेना. बायकांमधून धुरपदाबाई गरजल्या, "कापा मंग समद्यायची नावं!"

संस्थेला अट काढावी लागली. शेगड्या बायकांच्या नावाने आल्या. बैठका पहिल्यापासून सुरू झाल्या, या वेळी तरण्या नवऱ्यांनाच बसवून. सुकदेव मागे बसून मोबाईल बघतो. तो सुधारला असं मी लिहिणार नाही.

रत्नाने पोलिसांत तक्रार दिली. साक्षीदार मी.

"घरातली गोष्ट चौकीत नेली, आबा?" सुकदेव माझ्यावर धावून आला.

"घरातच ठेवली, म्हणून तू तिचं मनगट पिरगळलंस," मी म्हणालो.