पेंडीचं पिंप आणि संथ तारा

माझी शाळा चौथीत सुटली, पण नत्र म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. निर्मळच्या वाडीत केळींना जन्मभर तेच घातलं. म्हणून नात म्हणाली, मी मोठ्या ताऱ्यांमधलं नत्र मोजते, तेव्हा मी म्हटलं, "आमच्याच धंद्यात आलीस की!"

तिनं समजावलं. असा तारा पोटात नत्र बनवतो. गरगर फिरला की पोटातलं ढवळून वर येतं. उजेडाचे रंग फोडून पाहिले की वर किती आलंय ते कळतं. जो जास्त फिरेल, त्याच्या अंगावर नत्र जास्त. तिचे सगळे तारे या हिशेबात बसले, एक सोडून. तो फिरायचा संथ आणि अंगावर नत्र मात्र भरपूर. आठवड्याभरात हे काम सरांपुढे मांडायचं होतं. पुढचं शिकणं त्यावरच होतं. पोरीचं जेवणावरून मन उडालं.

"केळ्यांची पाटी भरताना डागी फणी आम्ही तळाला घालतो," मी म्हटलं. "तूही घाल."

"आणि व्यापाऱ्यानं पाटी उलटी केली तर?"

"तर भांडायचं!"

"आजोबा, पण तो तारा खरा असला तर?"

"कसला खरा! न फिरता तळाचं वर येतं होय? चल, दाखवतो."

मागच्या दारी पिंपात केळींना घालायची पेंड भिजत होती. वर पाणी नितळ. "बघ, संथ. वर आहे काही?" मग काठीनं गरगरा ढवळलं. सगळा गाळ वर आला. वास सुटला तशी सून आतून ओरडली. मी ऐटीत चहाला बसलो.

कप खाली ठेवला तरी नात पिंपापाशीच.

"आजोबा, आता फिरतंय का हे?"

"नाही."

"मग वर गढूळ का?"

"बसेल खाली. थांब जरा."

"ताऱ्यातलं इतक्यात बसत नाही. तो आधी जोरात फिरून आता दमला असेल. शेजारच्या ताऱ्यानं अंगावर ओतलं असेल. नाहीतर तो जोरात फिरतही असेल, पण आपल्याला त्याचा माथाच दिसतो, म्हणून संथ वाटत असेल. यातलं खरं कुठलं तेच कळत नाही. तसं सांगितलं तर हसतील मला."

"माझ्यासमोर एवढी भांडतेस, तिथे काय जीभ झडते?"

आठवड्यानं तिनं सरांपुढे तो तारा सगळ्यांत आधी मांडला. सरांनी पाटी पार उलटी केली, ती भांडली. संध्याकाळी फोन आला, "आजोबा, सरांनी पुढची दोन वर्षं तोच तारा बघायला दिलाय!"

डागी फणी तळालाच घालावी, हे माझं मत अजून तेच आहे. पण तिची वर ठेवून खपली, हेही खरं.