मॅडमच्या कागदावरचं माझं उत्तर

टेंभुर्णीच्या बाजाराला पायी जाऊन यावं एवढ्या अंतरावर आमचं गाव. मी चौथी शिकलेली. नवरा लवकर गेला, मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला. घराला लागून एक जास्तीची खोली होती, मातीची. ती मी एका सुताराला राहायला दिली. नवरा-बायको दोघंच, राजस्थानातून आलेले. ही पंच्याण्णव-शहाण्णवच्या आसपासची गोष्ट.

सुताराची बायको मला मौसी म्हणायची. मला हिवताप आला तेव्हा सात दिवस तिने माझ्या तोंडात पेज घातली. माझ्या मुलाला पत्र गेलं होतं, तो नवव्या दिवशी आला. तिने मला जीव लावला वगैरे मी म्हणणार नाही. ती शेजारी होती आणि तिने शेजाऱ्याचं काम केलं. घरकुलाच्या यादीत माझं नाव लागलं तेव्हा सुतार म्हणाला होता, "मौसी, दरवाजे की चौकट मेरी तरफ से." त्याने बाभळीचं लाकूड आणून कामाला सुरुवातही केली.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठातून एक मॅडम आली. दुसऱ्या राज्यातून येऊन राहणाऱ्या माणसांबद्दल गावातल्या लोकांना काय वाटतं, हे तिला विचारायचं होतं. बायका अनोळखी बाईपुढे बोलत नाहीत, म्हणून सरपंचाने मला तिच्याबरोबर फिरायला सांगितलं. मी बाळंतपणं करायची, त्यामुळे कुठल्याही घरात मला थेट चुलीपर्यंत जाता येत होतं.

पहिल्या दिवशी सगळे गोड बोलले. "माणसंच हायत ती बी." "आपलं काय घेऊन राह्यलेत?" पाहुण्या बाईला वाईट वाटेल असं बोलायचं नाही, ही आमची रीत. मॅडम खूश होऊन लिहीत होती.

शेवटी किराणा दुकानाच्या सेठकडे गेलो. त्याच्या आजोबांनी गावात दुकान टाकलेलं. सुतार त्याच्याच दुकानातून तेल-मीठ न्यायचा आणि दोघं आपसात त्यांच्या मारवाडी बोलीत बोलायचे. सेठ तेवढा एकटा त्या दिवशी खरं बोलला.

"बाहेरच्यांनी लई गर्दी केली, मॅडम. गावचं वातावरण खराब होऊन राह्यलं."

मी म्हणाले, "सेठ, तुमचे आजोबा कुठून आल्ते?"

"आजोबांचं काय घेऊन बसली, बाई? आम्ही निजामाच्या टायमाचे."

ओट्यावरची माणसं हसली. सेठही हसला. मॅडमने त्याला 'स्थानिक' लिहिलं. मी बघितलं, मला वाचता येत होतं.

मॅडमच्या कागदावर सुरुवातीला घराचे प्रश्न होते. छप्पर कशाचं, खोल्या किती, वीज आहे का, घरात कोण कोण राहतं. प्रत्येक कागदाला नंबर होता. ती मुक्कामाला टेंभुर्णीला गेली आणि संध्याकाळी चावडीवर लोकांनी डोकं चालवलं. नंबर आहे म्हणजे कागद सरकारी. छप्पर विचारतात म्हणजे घरकुलाची यादी नव्याने होणार. आणि बाहेरच्या माणसाला खोली दिलेली असेल तर त्या घरात जागा जास्त. जागा जास्त, तर घरकुल कशाला? तेव्हा बाहेरचं माणूस चालतं, असं म्हणायचंच नाही.

मी सांगितलं, "मॅडम तर म्हणती, सरकारचा काही संबंध न्हाई."

माझा दीर म्हणाला, "सरकारची माणसं पहिलं तेच म्हणत असतात."

ते मला पटलं. हे लिहायला लाज वाटते, पण पटलं. आयुष्यात आलेला प्रत्येक कागदवाला पहिलं वाक्य तेच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम राहिलेले प्रश्न घेऊन त्याच घरांत फिरली, तर गाव उलटलं. काल ज्यांना माणसं वाटत होती तेच म्हणायला लागले, "बिलकुल नको. घालवा त्यास्नी." एका म्हातारीने तर आमच्या गावात बाहेरचं कुणी नाहीच म्हणून सांगितलं, आणि तेव्हा सुतार तिच्याच अंगणात बैलगाडीचं जू तासत होता. मॅडम गोंधळली. मला विचारायला लागली, "काल रात्री गावात काही भांडण झालं का?" मी म्हणाले, न्हाई.

माझं घर सगळ्यात शेवटी. दीर आधीच येऊन बाजेवर बसलेला. गावात बाईला काही विचारलं की घरातला पुरुष शेजारी बसतो आणि तिच्या आधी उत्तर देतो. छप्पर, वीज, खोल्या, सगळं त्यानेच सांगितलं. खोली एकच म्हणाला. तेवढ्यात सुताराची बायको डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली. मला सकाळपासून फिरताना बघून तिनेच मांडला होता.

मॅडम म्हणाली, "ही सूनबाई का?"

दिराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो."

ती बाई हातात थाळी घेऊन तशीच उभी राहिली. तिला वाटलं असेल, मौसी थट्टा करते. मॅडमने पुढचा प्रश्न घेतला आणि नेमका तो दिराला न विचारता मला विचारला. "दुसऱ्या राज्यातून आलेलं कुटुंब तुमच्या शेजारी राहिलं, तर तुम्हाला चालेल का?"

मी म्हणाले, "न्हाई."

सुताराच्या बायकोने थाळी खाली ठेवली. कप वाजलासुद्धा नाही. दोन वर्षांत तिला मराठी चांगलं समजायला लागलं होतं.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. म्हणाले, "अगं, ते कागदापुरतं होतं. घरकुलासाठी."

ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "मौसी, तुम नहीं बोली, मंग दूसरा कौन हाँ बोलेगा?"

मी म्हणाले, "कुनी तुमाला घालवत न्हाई."

"आज नहीं," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी ते गेले. जाण्याआधी तिने खोली शेणाने सारवली. सारवायला तिला मीच शिकवलं होतं. सुतार चौकट पुरी करून भिंतीला टेकवून गेला. कुठे जाता, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

घरकुलाच्या यादीतून माझं नाव गेलं नव्हतं. ग्रामसेवकाला विचारलं तर तो हसला, त्याला तो मॅडमचा कागद माहीतसुद्धा नव्हता. वर्षाभरात घरकुल आलं. दरवाजा सरकारी मापाचा, पत्र्याचा. सुताराची चौकट बसली नाही. दोन पावसाळे ती बाहेर भिजली, मग मी तिचे तुकडे करून चुलीत घातले. सुरतेला माझ्या मुलाबद्दल कुणी असा कागद भरला असेल तर त्यात काय लिहिलं असेल, हा विचार मला तेव्हा चुलीपुढे पहिल्यांदा आला. आधी यायला पाहिजे होता.

त्यानंतर मॅडम पुन्हा आली. तेच प्रश्न त्याच माणसांना परत विचारायचे होते. मत बदललं का, ते तिला बघायचं होतं. मी एकटीच होते. तिने इकडेतिकडे बघून विचारलं, "सूनबाई दिसत नाहीत?"

"ती सून न्हवती. सुतारीण होती, राजस्थानची. तुमी जिच्याबद्दल इचारत होता, तीच तुमाला चहा देऊन गेल्ती."

मॅडमने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता कुठे असतात ते? त्यांच्याशी बोलता आलं असतं, तर फार उपयोग झाला असता."

"ठाऊक न्हाई. मलाबी बोलायचं हाय."

तिने मागचा कागद फाडून टाकावा, असं मी सांगून बघितलं. ती म्हणाली, तसं करता येत नाही, ते त्या वेळचं मत म्हणून राहतं. मग तिने तोच प्रश्न वाचला. दुसऱ्या राज्यातून आलेलं कुटुंब शेजारी चालेल का?

"चालंल."

"मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणाला होतात. मत कशामुळे बदललं?"

"मत बदललं न्हाई, बाई. दीर मेला अन् घरकुल आलं. आता खरं बोलायला माझं काय जातंय?"

तिने 'होय'वर खूण केली. शेजारच्या, सुतार राहायचा त्या खोलीत तेव्हा आढ्यापर्यंत कडबा भरलेला होता.