जित्या माणसाला भुईवर घेतलं म्हणून...

रविवारी दुपारी काळेवाडीत मी भर रस्त्यात भांडले. आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आमच्या बिल्डिंगखाली दत्ताकाकांचं काचेचं दुकान आहे, माणसं बीडकडची. टेम्पोतून मोठी काच उतरवताना फुटली आणि काकांची मांडी चिरत गेली. मी आयसीयूत सिस्टर, त्या दिवशी सुट्टी होती... आरडाओरडा ऐकून तशीच अनवाणी खाली पळाले.

बघते तर काकांना खुर्चीत बसवलेलं! एक जण पाणी पाजतोय, शेजारचे गॅरेजवाले रफीकभाई बाईक चालू करून तयार... काकांना मधे बसवून नेणार म्हणे. काकांची मान कलंडलेली, जीभ जड झालेली.

अहो, अंगात रक्तच कमी पडलं तर बसवलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत ते चढणार कसं? मेंदू उपाशी राहिला तर जीव वाचूनही माणूस पहिल्यासारखा उरत नाही. अशी माणसं मी वॉर्डात बघते, म्हणून सांगते.

"पाणी बंद! आधी खाली आडवं करा!" मी ओरडले.

काकूंनी माझा दंडच धरला. "जित्या माणसाला भुईवर घ्यायलीस? मेलाय का त्यो?"

आपल्याकडं माणसाला भुईवर कधी घेतात, ते मलाही कळतं हो. माझ्या वडिलांना घेतलं, तेव्हा मी तिथंच होते. पण मी हात झटकला, काकांना फरशीवर झोपवलं आणि ओढणीची घडी जखमेवर ठेवून सगळा भार टाकला. रफीकभाईंनी बाईक सोडून ॲम्ब्युलन्सला फोन लावला, मग माझ्या हातांवर हात ठेवून दाबत बसले.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत काकू मला कैदाशीण म्हणत होत्या. मीही म्हटलं, "काकू, नंतर मारा मला!"

रक्त चढलं, ऑपरेशन झालं. पण शुद्धीवर आल्यावर ओळखतील का, ही धास्ती होतीच.

काल काकांनी डोळे उघडले. काकूंकडं बघून म्हणाले, "मंगल, दुकान बंद केलंस का न्हाई?" काकू रडल्या, मी तर ढसाढसा रडले.

भुईवर घेतल्याचा दोष जावा म्हणून काकू आता घरी शांत करणार आहेत. करा खुशाल, मी प्रसादाला येईन! पण परत कुणाचं रक्त असं वाहायला लागलं, तर मी त्याला भुईवरच घेणार.

शिव्या द्यायच्या तर द्या... फक्त देताना एक हात जखमेवर दाबून ठेवा.