करडी पट्टी

भूतबित, भास, इशारे... हे मी कधीच मानलं नाही. गावाकडं कुणी ओढ्यात बाई दिसल्याचं सांगायला लागला की मी त्याच्या तोंडावर हसायचो. आज मीच लिहायला बसलोय. तुम्ही हसलात तरी चालेल, फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी मूळचा जतकडचा. सातवीत शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यातल्या चुका पोटात घाला. नागपुरात ओळखीचं कुणी नव्हतं. सदर भागातल्या आपल्या बोर्ड बनवणाऱ्या दुकानात देवरावभाऊंनी मला कामाला लावलं, शिकवलं, नंदनवन भागातल्या त्यांच्या घराची मागची खोलीही दिली. वहिनी माझं ताट घरच्यांसोबतच वाढतात. घरापासून इतक्या लांब मला हे एकच दार उघडं आहे. म्हणून भाऊंना साधा ठसका लागला तरी माझा जीव खालीवर होतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्हाला धंतोलीतल्या एका दवाखान्याचं काम मिळालं. पेशंट खेड्यापाड्यातून येतात, कित्येकांना वाचता येत नाही. म्हणून फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवायच्या होत्या – हिरवी रक्त तपासणीला, निळी एक्स-रेला, लाल इमर्जन्सीला. डिझाइनवाल्या मॅडम म्हणायच्या, "माणसाला रस्ता विचारावा लागला, तर आपलं काम फसलं." फक्त मागच्या दाराकडं एकही खूण करायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तिथं शववाहिनी उभी राहते.

आता एक कामाची गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. पट्टी आम्ही दारापासून लावत नाही. जिथं पोचायचं तिथून सुरू करतो आणि उलटं दाराकडं येतो. एक गुंडाळी संपली की दुसरीचं टोक तिच्यावर चढवायचं. असं केलं की आत येणाऱ्याचा पाय किंवा व्हीलचेअरचं चाक जोडाला अडकत नाही. म्हणजे जोड बघितला की कळतं, पट्टी कुठून सुरू झाली... आणि कुणाला कुठं पोचवायला लावली.

त्या दुपारी ओपीडी संपली होती. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. भाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला मागच्या बाजूला गेले होते. मी डबा घेऊन आलो तर ते कॉरिडॉरमधल्या लांब बाकावर बसलेले. बाक सगळा रिकामा, आणि हे एका कोपऱ्याला अंग चोरून. मी खाली फरशीवरच मांडी घातली.

"जेवा की भाऊ."

"नाही गा. सकाळची पोह्यावरची तर्री चढली वाटते. छातीत जळजळ करून राहिली." ते डावा खांदा चोळत होते.

तेव्हा मला बाकाखाली पट्टी दिसली. करडी. आमच्या सामानात करडा रंगच नव्हता.

"भाऊ, ही कुणी लावली?"

"तूच लावली असशीन. मले काहून विचारतं बे?"

मी उठून पट्टीच्या मागे मागे गेलो. कॉरिडॉर, वळण, पुढं उतार... आणि मागचं दार. पट्टी थेट उंबऱ्यापर्यंत. बाहेर पांढरी गाडी उभी.

मी वाकून जोडावरून नख फिरवलं. दाराकडचा तुकडा वर चढवलेला होता. म्हणजे लावणाऱ्यानं सुरुवात बाकापासून केली होती. पोचायची जागा तो बाक होता – भाऊ बसले होते तोच.

मी पळत आलो. "भाऊ, उठा. इमर्जन्सीत चला."

"पागल झाला का पोट्ट्या? ॲसिडिटी आहे."

"उठा म्हणतो ना!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. काखेत हात घालून, आम्हीच सकाळी लावलेल्या लाल पट्टीवरून त्यांना ओढत नेलं. इमर्जन्सीच्या दारात पोचलो आणि ते माझ्या अंगावर कोसळले.

हार्ट अटॅक होता. डॉक्टर वहिनींना म्हणाले, बाकावरच बसून राहिले असते तर हाती काही राहिलं नसतं.

संध्याकाळी मी बाकापाशी राहिलेला डबा आणायला गेलो. करडी पट्टी नव्हती. डिंकाचा डागसुद्धा नाही. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "इथं कोनती पट्टी रे बाप्पा? मी दुपारीच तर पोछा मारला." मीही मनाची समजूत घातली – भीतीनं दिसलं असेल काहीतरी.

चार दिवसांनी भाऊ वॉर्डात उशीला टेकून बसले होते. मी पट्टीबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. त्यांनीच विषय काढला.

"ते करडी पट्टी मस्त होती गा. खर्रा थुकून आत आलो, तिच्यावरूनच चालत बाकापर्यंत गेलो. पट्टी दिसली का पाय आपोआप जातेच."

मी विषय बदलायचा म्हणून म्हटलं, "एवढा मोठा बाक रिकामा, आणि तुम्ही कोपऱ्यात कशाला बसला होता?"

भाऊंनी उशीवरून मान उचलली.

"रिकामा कुठी होता बे? तू माझ्या मागं मागं त्या पट्टीवरूनच तर येऊन राहिला होता. तुले जागा पाहिजे म्हणून सरकलो ना मी."

मी तेव्हा समोरच्या दारानं डबा घेऊन आलो होतो. आणि बाकावर बसलोच नव्हतो.

हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. भाऊ आता बरे आहेत, कामावर येतात, शिव्याही घालतात. पट्ट्या आम्ही अजूनही लावतो. ते कुठंही टेकले की मी आधी त्यांच्या शेजारची जागा अडवून बसतो. ते चिडतात, "एवढी जागा आहे, माझ्या अंगावर काहून बसतं?"

मी आणखी चिकटून बसतो.